रिकॉलनंतर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणांवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

वाटसरू:

नमस्कार. काही दिवसांपूर्वी आमच्या गाडीच्या उत्पादकाकडून रिकॉलचे पत्र आले. ब्रेकच्या नियंत्रकातील सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी आढळली असून विशिष्ट परिस्थितीत ब्रेकला मिळणारे साहाय्य क्षणभर कमी पडू शकते, म्हणून गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आणून सॉफ्टवेअर बदलून घ्यावे, असे त्यात लिहिले होते. गाडी नेली आणि ती थोड्याच वेळात परत मिळाली. जॉब कार्डावर ‘सॉफ्टवेअर अद्ययावत केले’ एवढी एकच ओळ होती. एकही सुटा भाग बदललेला नव्हता, त्यामुळे जुना भाग पाहायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नेमके काय बिघडत होते, कोणत्या परिस्थितीत बिघडत होते आणि आता ते का बिघडणार नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिथल्या तंत्रज्ञाला देता आले नाही. मी त्याला दोष देत नाही, कारण लॅपटॉप जोडून नवी आवृत्ती भरण्यापलीकडे त्यालाही काही कळवलेले नसावे.

तेव्हापासून घरात दोन मते आहेत. एक मत असे की कंपनीने स्वतःहून चूक कळवली, म्हणजे ती विश्वासार्ह आहे. दुसरे मत असे की जी चूक डोळ्यांना दिसत नाही, ती दुरुस्त झाली हेही दिसत नाही, आणि ब्रेकसारख्या गोष्टीत केवळ शब्दावर विसंबणे योग्य नाही. मी वाचन सुरू केले तेव्हा टोयोटाच्या गाड्यांचा वेग आपोआप वाढल्याच्या प्रकरणापाशी येऊन थांबलो. त्याबद्दल एका ठिकाणी वाचले की नासाने तपासणी करून इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला निर्दोष ठरवले, तर दुसऱ्या ठिकाणी वाचले की न्यायालयात सॉफ्टवेअरचा दोष सिद्ध झाला. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतील, हे मला उमगत नाही. जाणकारांनी कृपया दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. त्या प्रकरणात खरोखर काय निष्पन्न झाले, आणि माझ्यासारख्या सामान्य चालकाने सॉफ्टवेअरच्या रिकॉलनंतर गाडीवर भरवसा ठेवावा की नाही, हे कशावरून ठरवावे?

आलेख:

मी वाहनांच्या नियंत्रकांच्या चाचणीचे काम करतो, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत पूर्वी केबल असे. आता पेडलखाली दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि पेडल किती दाबले आहे हे ते दोघेही वेगवेगळ्या व्होल्टेजच्या रूपात नियंत्रकाला कळवतात. दोघांचे व्होल्टेज मुद्दाम वेगळे ठेवलेले असते, कारण दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर दोन्हीकडे सारखाच आकडा दिसेल आणि गडबड लगेच उघड होईल. नियंत्रक दर सेकंदाला अनेकदा या दोन आकड्यांचा मेळ घालतो आणि तो बसला नाही की गाडी मर्यादित शक्तीच्या अवस्थेत जाते. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप मोटरने उघडते, पण तिला स्प्रिंग असते. मोटरचा वीजपुरवठा तुटला की स्प्रिंग झडपेला जवळजवळ मिटलेल्या स्थितीत आणते, आणि गाडी कडेला घेण्यापुरतीच शक्ती उरते. मुख्य प्रोसेसर भानावर आहे ना, हे तपासणारी दुसरी चिपही असते. सांगायचा मुद्दा असा की चांगली रचना ‘काहीच बिघडणार नाही’ हे गृहीत धरत नाही. काहीतरी बिघडणारच हे धरून, बिघाड झाल्यावर गाडीने कोणत्या बाजूला झुकायचे हे ती आधीच ठरवून ठेवते.

आता टोयोटाबद्दल. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ तात्पुरत्या वापरासाठी दिलेल्या एका लेक्सस गाडीला अपघात होऊन चार जणांचा मृत्यू झाला. त्या गाडीत दुसऱ्या मॉडेलची जाड मॅट बसवलेली होती आणि पेडल तिच्यात अडकले होते. ही गाडी बटणावर चालू होणारी होती, आणि धावत असताना इंजिन बंद करण्यासाठी ते बटण काही सेकंद दाबून धरावे लागत असे. घाबरलेल्या माणसाला हे सुचणे कठीण असते. त्यानंतर मॅटसाठी लाखो गाड्यांचे रिकॉल झाले आणि जानेवारी २०१० मध्ये पेडल अडकण्याच्या वेगळ्या दोषासाठी अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्यांचे आणखी एक रिकॉल झाले. हा दुसरा दोष लक्षात घेण्यासारखा आहे. केबल गेल्यामुळे पेडल पायाला फार हलके लागेल म्हणून त्यात मुद्दाम घर्षण निर्माण करणारा एक लहान भाग बसवलेला होता, आणि झिजून व दमटपणामुळे तोच भाग अडकत होता. म्हणजे हे दोन्ही दोष यांत्रिक होते.

तरीही तक्रारी थांबल्या नाहीत, म्हणून अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने नासाच्या अभियंत्यांची मदत घेतली. त्यांनी २ लाख ८० हजारांहून अधिक ओळींचे सॉफ्टवेअर तपासले, सर्किटांवर विद्युत-चुंबकीय लहरींचा मारा करून पाहिला आणि तक्रार आलेल्या गाड्यांचे भाग उघडले. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात म्हटले होते की थ्रॉटल मोठ्या प्रमाणावर आपोआप उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. एका जुन्या प्रकारच्या पेडलमध्ये मात्र कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढून दोन सेन्सरांच्या सिग्नलमध्ये शॉर्ट झालेला आढळला. त्या शॉर्टमुळे गाडी पूर्ण वेगाने पळाली असती असे नव्हे, पण दोन सेन्सर ‘स्वतंत्र’ असले तरी एकाच कारणाने दोघेही एकदम बिघडू शकतात, हे त्यातून दिसले. अपघातानंतर काही गाड्यांतील नोंदयंत्रे वाचली गेली, तेव्हा बहुसंख्य प्रकरणांत ब्रेक दाबल्याची नोंदच नव्हती. त्यावरून चालकाचा पाय चुकून अ‍ॅक्सिलरेटरवर पडला असावा, असा निष्कर्ष प्रशासनाने काढला.

न्यायालयाचा निकाल ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातील ज्यूरीने दिला. २००५ च्या कॅमरी गाडीला झालेल्या अपघाताचा हा खटला होता. सॉफ्टवेअरतज्ज्ञ मायकेल बार यांनी कडक बंदोबस्तातील खोलीत मूळ कोड वाचून साक्ष दिली. त्यांच्या मते त्यात दहा हजारांहून अधिक सामायिक चले (कोडच्या कोणत्याही भागाला बदलता येणाऱ्या नोंदी) होती, सॉफ्टवेअरमधील एकाच ‘टास्क’वर (स्वतंत्रपणे चालणाऱ्या भागावर) थ्रॉटलचा कोन ठरवणे आणि अनेक सुरक्षा-तपासण्या अशा दोन्ही जबाबदाऱ्या होत्या, आणि तो टास्क प्रोसेसरमध्ये अचानक बंद पडला तर बिघाड ओळखणारेच झोपी जातील अशी स्थिती होती. ज्यूरीने उत्पादकाला जबाबदार धरले आणि दंडात्मक भरपाई ठरण्याआधीच दोन्ही पक्षांत तडजोड झाली.

तेव्हा ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. तांत्रिक तपासणीने सांगितले की दोष सापडला नाही. दिवाणी खटल्यातील ज्यूरीने सांगितले की समोर आलेल्या पुराव्यावरून सॉफ्टवेअर सदोष असण्याची आणि त्यामुळे अपघात होण्याची शक्यता नसण्यापेक्षा अधिक वाटते. त्या विशिष्ट अपघाताच्या क्षणी स्मृतीतील कोणता बिट उलटला, हे कोणीही दाखवू शकले नाही आणि दाखवणे शक्यही नव्हते, कारण असा बिघाड मागे खूण ठेवत नाही.

माझे मत विचाराल तर मी नासाच्या निष्कर्षाकडे झुकतो, पण त्या कोडची घडण मला मान्य होण्यासारखी नव्हती. आज सुरक्षेशी निगडित यंत्रणांसाठी आयएसओ २६२६२ हे मानक आहे, ज्याची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली. त्यात धोक्याच्या तीव्रतेनुसार चार श्रेणी आहेत आणि ब्रेक व स्टिअरिंगची अनेक कार्ये सर्वांत कडक श्रेणीत मोडतात. आपल्या ब्रेकच्या नियंत्रकालाही बहुधा हीच शिस्त लागू झालेली असेल.

घिसाडी:

आलेख यांनी नियंत्रकाची बाजू उत्तम मांडली आहे. मी अनेक वर्षे गाड्या दुरुस्त करतो, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो.

‘यांत्रिक भाग दिसतो म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो’ हा आपल्या घरातील विचार मला ओळखीचा आहे, कारण माझे बहुतेक ग्राहक तोच घेऊन येतात. पण जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचे प्रकरण पाहा. त्यात सॉफ्टवेअरचा काही संबंध नव्हता. स्विचमधली एक लहान स्प्रिंग ठरलेल्या मापापेक्षा कमी जोर देत होती. किल्लीला जड जुडगा असला, गुडघा लागला किंवा रस्त्यात धक्का बसला की किल्ली फिरून इंजिन बंद पडत असे, स्टिअरिंग आणि ब्रेकचे साहाय्य जात असे, आणि सर्वांत भीषण म्हणजे एअरबॅगही निकामी होत असत. कंपनीतील अभियंत्यांना या स्विचबद्दलच्या तक्रारी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच माहीत होत्या, पण रिकॉल झाले २०१४ मध्ये. त्यात सुमारे २६ लाख गाड्या होत्या. पुढे भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषाशी निगडित असल्याचे मान्य केले.

त्याहूनही मला अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे मधल्या काळात तो स्विच बदलून अधिक मजबूत करण्यात आला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला गेला. त्यामुळे नंतरच्या गाड्या सुरक्षित का आणि आधीच्या का नाहीत, याचा उलगडा तपास करणाऱ्यांना होईना. अखेर एका खटल्याच्या निमित्ताने एका स्वतंत्र अभियंत्याने जुना आणि नवा असे दोन स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा फरक उघडकीस आला. आम्ही मेकॅनिक पार्ट नंबरवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, कारण आमच्या हातात दुसरे काही नसते. तो नंबर खोटे बोलू लागला तर लोखंडाचा भागसुद्धा सॉफ्टवेअरइतकाच अदृश्य होतो.

म्हणून मी ग्राहकांना सांगतो की भाग दिसतो की नाही हा प्रश्न मागे ठेवा आणि त्या भागाची नोंद कितपत खरी आहे ते पाहा. या बाबतीत सॉफ्टवेअरची एक जमेची बाजू आहे, कारण त्याला आवृत्ती क्रमांक असतो आणि स्कॅनर लावला की तो वाचता येतो. वाटसरू यांनी पुन्हा सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन ब्रेकच्या नियंत्रकातील सॉफ्टवेअरचा आधीचा आणि आताचा क्रमांक जॉब कार्डावर लिहून मागावा. रिकॉलचा मोहीम क्रमांकही असतो आणि गाडीच्या चॅसी नंबरासमोर ती मोहीम पूर्ण झाल्याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत व्हावी लागते. ती झाली आहे का, ते पाहावे. जॉब कार्डावर नोंद झाली आणि मुख्य यंत्रणेत राहून गेली, असे घडू शकते.

आणखी एक सांगतो. इलेक्ट्रॉनिक बिघाडांत सर्वांत त्रासदायक असतात ते येऊन-जाऊन असणारे. गाडी आमच्याकडे आली की सगळे ठीक चालते आणि आम्ही ‘दोष आढळला नाही’ असे लिहून मोकळे होतो. त्यामागे पुष्कळदा बुरसटलेला कनेक्टर, सैल झालेली अर्थिंगची तार किंवा दम सुटलेली बॅटरी असते. नियंत्रकाला पुरेसे व्होल्टेज मिळाले नाही की एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार-चार दिवे डॅशबोर्डवर एकदम लागतात आणि माणूस म्हणतो की गाडीचा मेंदू गेला. असे झाले तर कोणालाही स्कॅनर लावून नियंत्रकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड आधीच पुसू देऊ नका. त्या कोडसोबत बिघाड झाला त्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनाचे फेरे अशी माहिती साठवलेली असते, आणि कोड पुसला की तीही जाते.

साक्षेप:

आलेख यांच्या मांडणीत मला एक गोष्ट निसटलेली दिसते आणि ती महत्त्वाची असल्यामुळे स्पष्टपणे लिहितो.

मार्च २०१४ मध्ये टोयोटाने अमेरिकेच्या न्याय विभागाशी तडजोड करून १२० कोटी डॉलर भरले. ही रक्कम सॉफ्टवेअरसाठी नव्हती. मॅटचा आणि अडकणाऱ्या पेडलचा दोष माहीत असताना ग्राहकांची दिशाभूल केली, हे कंपनीने त्यात मान्य केले होते. म्हणजे ज्या दोषांना आपण निरुपद्रवी, समजायला सोपे, यांत्रिक म्हणतो तेच लपवले गेले होते. मॅटची गोष्ट जो सरळ सांगत नाही, त्याने ‘आमचा कोड निर्दोष आहे’ असे सांगितल्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा? लोकांचा संशय तांत्रिकदृष्ट्या चुकीचा ठरला असे क्षणभर मानले, तरी तो अवाजवी मुळीच नव्हता. जपानमधील मित्सुबिशी मोटर्सने २००० साली कबूल केले होते की ग्राहकांच्या तक्रारी दोन दशकांहून अधिक काळ सरकारपासून दडवून ठेवल्या जात होत्या आणि रिकॉल टाळून गाड्या गुपचूप दुरुस्त केल्या जात होत्या. तेव्हा मूळ आजार इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीचा आहे. सॉफ्टवेअरने फक्त लपवणे सोपे केले आहे.

दुसरा मुद्दा मानकांचा. यंत्रणा मानकांप्रमाणे तंतोतंत चालली तरी माणूस मरू शकतो. फियाट क्रायस्लरच्या काही गाड्यांत गिअरचा दांडा असा होता की तो पुढे-मागे ढकलल्यावर दर वेळी मधल्या जागी परत येत असे, त्यामुळे गाडी ‘पार्क’मध्ये गेली की नाही हे हाताला कळत नसे. चालक उतरायचा आणि गाडी घरंगळायची. एप्रिल २०१६ मध्ये ११ लाखांहून अधिक गाड्यांचे रिकॉल जाहीर झाले. त्यानंतर जूनमध्ये अभिनेता अँटन येल्चिन याचा स्वतःच्याच घरंगळलेल्या गाडीने खांबाशी चिरडून मृत्यू झाला, आणि त्याची गाडी त्याच रिकॉलमधील होती. त्यात एकही सेन्सर बिघडला नव्हता. जे ठरवले तेच यंत्रणा करत होती, पण ठरवणाऱ्याने माणसाच्या हाताचा विचार केलेला नव्हता. उपाय म्हणून दिलेल्या नव्या सॉफ्टवेअरने दार उघडताच गाडी आपोआप पार्कमध्ये टाकण्याची सोय केली. ही सोय पहिल्याच दिवशी का सुचली नाही, हा प्रश्न कोणत्याही चाचणी अहवालात सापडणार नाही.

इथे आलेख यांच्याशी माझा आणखी एक मतभेद आहे. चालकाचा पाय चुकला, हा निष्कर्ष अनेक प्रकरणांत बरोबर असेलही. १९८६ साली ऑडी ५००० या गाडीबद्दल अमेरिकेत असाच गहजब झाला होता आणि १९८९ च्या सरकारी अहवालाने प्रामुख्याने पेडलांच्या गोंधळाकडेच बोट दाखवले. तोवर ऑडीची तिथली वार्षिक विक्री कोसळली होती, आणि १९८५ मधील सुमारे ७४ हजारांवरून ती १९९१ पर्यंत १२ हजारांच्या आसपास आली. कंपनीवर अन्याय झाला असे म्हणता येईल. पण त्यावर उपाय काय निघाला? ब्रेक दाबल्याशिवाय गिअर ‘पार्क’मधून हलू नये अशी व्यवस्था, जी पुढे सर्वत्र रुळली. म्हणजे चूक माणसाची असली तरी सुधारणा यंत्रातच करावी लागली आणि ती उपयोगी ठरली. त्यामुळे ‘चालकाची चूक’ हे शब्द तपासाचा शेवट म्हणून वापरले जातात तेव्हा मला ते अपुरे वाटतात.

प्रवासिनी:

एक छोटी भर. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण हे नेहमी रोगाच्याच रूपात येते असे नाही. १९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाने मर्सिडीजची नवी ए-क्लास गाडी अडथळा चुकवण्याच्या चाचणीत चालवली आणि ती उलटली. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि चाकांवर स्वतंत्रपणे ब्रेक लावून गाडीचा तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा त्या लहान गाडीत सरसकट बसवली. तोपर्यंत ती महागड्या गाड्यांपुरतीच होती. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अभ्यासानुसार ही यंत्रणा एकट्या वाहनाच्या प्राणघातक अपघातांचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी करते. २०१२ च्या मॉडेलपासून ती तिथे सर्व नव्या प्रवासी गाड्यांना सक्तीची झाली. मला स्वतःला या यंत्रणेने एका ओल्या वळणावर सावरले आहे, त्यामुळे ब्रेकमधील सॉफ्टवेअर हा शब्द ऐकून ते काढूनच टाकावे असे कोणाला वाटू नये, एवढ्यासाठी लिहिले.

वाटसरू:

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रश्नाचा गुंता बऱ्यापैकी सुटला. घिसाडी यांच्या सांगण्याप्रमाणे मी सर्व्हिस सेंटरमध्ये पुन्हा गेलो. सॉफ्टवेअरचे दोन्ही क्रमांक त्यांनी लिहून दिले आणि मोहीम पूर्ण झाल्याची नोंदही दाखवली. क्रमांक खरोखर बदललेला आहे, हे स्वतः पाहून बराच धीर आला.

दोन शंका उरल्या आहेत. पुढच्या वेळी हे काम गाडी घरीच उभी असताना इंटरनेटवरून होईल असे मला सांगण्यात आले. त्याने प्रश्न सोपा होतो की अवघड? आणि दुसरे, इतके सगळे करूनही धावत्या गाडीत ब्रेकचे साहाय्य गेलेच किंवा वेग आपोआप वाढलाच, तर त्या क्षणी नेमके काय करायचे असते?

साक्षेप:

पहिल्या शंकेबद्दल मी लिहितो.

रिकॉल जाहीर झाला तरी गाड्यांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे दुरुस्तीला येतच नाही, विशेषतः गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली की पत्र जुन्या पत्त्यावर जाते. ताकाटाच्या एअरबॅगांच्या बाबतीत याची किंमत जिवाने मोजावी लागली. त्यातील एअरबॅग फुगवणारे अमोनियम नायट्रेट हे रसायन उष्णता आणि दमटपणा यांमुळे वर्षांगणिक अधिक धोकादायक होत जाते, म्हणून जितका उशीर तितका धोका मोठा, आणि एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख भाग बदलायचे होते. सॉफ्टवेअर घरबसल्या बदलता आले तर निदान ही अडचण पुष्कळ कमी होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण काम झाले म्हणजे दोष गेला, असे होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत २० लाखांहून अधिक गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला. चालकाचे लक्ष रस्त्यावर आहे की नाही यावर ऑटोपायलट या चालक-साहाय्य यंत्रणेची देखरेख पुरेशी नव्हती, आणि दुरुस्ती इंटरनेटवरून पाठवण्यात आली. एप्रिल २०२४ मध्ये सुरक्षा प्रशासनाने हीच दुरुस्ती पुरेशी आहे का, याची चौकशी सुरू केली, कारण ती मिळालेल्या गाड्यांचेही अपघात नोंदले गेले होते. जिथून कंपनी आत येते तिथून इतरही येऊ शकतात, हे २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी दाखवून दिले. महामार्गावर धावणाऱ्या एका जीप चेरोकीत त्यांनी दूर बसून मनोरंजन यंत्रणेमार्गे प्रवेश केला आणि गाडीची शक्ती काढून घेतली. त्यानंतर १४ लाख गाड्यांचे रिकॉल झाले. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत आता सायबर सुरक्षेसाठी १५५ आणि सॉफ्टवेअर बदलांसाठी १५६ क्रमांकाचे नियम आहेत. ज्या देशांनी ते स्वीकारले, तिथे कोणत्या गाडीत कोणता बदल केला याचा हिशेब उत्पादकाला ठेवावा लागतो.

आपल्यापुरते सांगायचे तर दर बदलासोबत येणारे टिपण वाचावे आणि साठवून ठेवावे. त्यात ‘किरकोळ सुधारणा’ एवढेच असेल आणि त्यानंतर ब्रेक, स्टिअरिंग किंवा वेग यांच्या वागण्यात फरक जाणवला, तर लेखी खुलासा मागावा. सुरक्षेशी संबंधित बदल किरकोळ सुधारणांच्या यादीत बसवणे मला गैर वाटते, आणि ग्राहकांनी विचारत राहिल्याशिवाय ते थांबणार नाही.

घिसाडी:

दुसऱ्या शंकेचे उत्तर गाडी उभी असतानाच वाचून, घरातील प्रत्येक चालकाला सांगून ठेवावे.

वेग आपोआप वाढला तर ब्रेकवर दोन्ही पाय देऊन पूर्ण जोराने एकदाच दाबा आणि सोडू नका. वारंवार सोडून-दाबून पाहणे घातक ठरते, कारण पेट्रोल इंजिनाच्या गाडीत थ्रॉटल पूर्ण उघडे असताना ब्रेकला साहाय्य देणाऱ्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी पुन्हा तयार होत नाही आणि प्रत्येक वेळी पेडल अधिक कडक होत जाते. लगेच गिअर न्यूट्रलमध्ये टाका, किंवा गाडी हाताने गिअर बदलण्याची असेल तर डावा पाय ब्रेकवरून काढून क्लच दाबा. इंजिन ओरडेल, त्याकडे लक्ष देऊ नका. बहुतेक इंजिनांत फेऱ्यांवर मर्यादा असते, आणि नसली तरी इंजिन बिघडलेले परवडते. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करा. धावत्या गाडीत किल्ली पूर्ण फिरवून काढण्याचा प्रयत्न कधीही करू नका, कारण स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. बटणाची गाडी असेल तर धावताना ती बंद करण्यासाठी बटण किती वेळ किंवा किती वेळा दाबावे लागते, हे मालकाच्या पुस्तिकेत आजच पाहून ठेवा.

ब्रेकचे साहाय्य गेले तर पेडल दगडासारखे लागते आणि माणसाला वाटते की ब्रेकच गेला. तसे नसते. प्रचलित हायड्रॉलिक यंत्रणांत वीज गेली तरी पेडलाचा जोर तेलाच्या मार्गे चाकांपर्यंत पोहोचतो, फक्त नेहमीपेक्षा कितीतरी अधिक ताकद लावावी लागते आणि थांबायला अंतर जास्त लागते. आपल्या पत्रात ‘साहाय्य कमी पडू शकते’ असे शब्द आहेत, त्यामुळे हीच स्थिती अभिप्रेत असावी. आसन इतके पुढे घेऊन बसा की पेडल तळापर्यंत दाबतानाही गुडघा थोडा वाकलेलाच राहील. पाय पूर्ण ताणलेला असेल तर एवढा जोर लावता येत नाही. पायाखाली एकच मॅट ठेवा आणि ती खालच्या हुकात अडकवलेली आहे ना, हे दर वेळी गाडी धुतल्यावर पाहा.

आलेख:

साक्षेप यांचा आक्षेप मी स्वीकारतो. लपवाछपवीचा मुद्दा मी बाजूला ठेवायला नको होता, कारण आमच्या चाचण्यांचे निष्कर्षही शेवटी त्याच कंपन्यांच्या तोंडून लोकांपर्यंत जातात.

वाटसरू यांच्या ब्रेकबद्दल एक जवळचे उदाहरण देतो. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने प्रियस आणि इतर काही हायब्रिड गाड्यांचे जगभरात सुमारे ४ लाख ३७ हजारांचे रिकॉल केले. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर हळू ब्रेक लावताना, मोटरच्या साहाय्याने होणारे ब्रेकिंग आणि तेलाच्या दाबाने होणारे ब्रेकिंग यांच्या अदलाबदलीत क्षणभर पकड सुटल्यासारखे वाटे. उपाय पूर्णपणे सॉफ्टवेअरमध्ये होता आणि एकही भाग बदलला गेला नाही. तेव्हा भाग न बदलता झालेली ब्रेकची दुरुस्ती खरी असू शकते. आपल्या गाडीतील त्रुटी कोणत्या परिस्थितीत प्रकट होत होती, हे रिकॉलच्या अधिकृत दोष-विवरणात लिहिलेले असायला हवे. अनेक देशांत हे विवरण नियामक संस्थेकडे द्यावे लागते आणि जिथे ते जाहीर होते, तिथे ते कोणालाही वाचता येते. ग्राहकांना येणाऱ्या पत्रापेक्षा ते बरेच सविस्तर असते.

आणि दुरुस्तीनंतरही तसाच अनुभव आला, तर केवळ सर्व्हिस सेंटरला सांगून थांबू नका. नियामकाकडे तक्रार नोंदवा आणि तीत चॅसी नंबर, सॉफ्टवेअरचा क्रमांक, तारीख, वेग, रस्ता ओला होता की कोरडा, ब्रेक किती जोरात दाबला होता आणि डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला, एवढे लिहा. एकटी तक्रार तपासणीत ‘दोष आढळला नाही’ म्हणून बाजूला पडते. पण त्याच आवृत्तीच्या, त्याच वेगाच्या, तशाच ओल्या रस्त्याच्या वीस तक्रारी एकत्र आल्या की तो दोष नेमका कुठे शोधायचा हे आमच्यासारख्यांना कळते. आपल्याकडे आता आवृत्तीचे दोन्ही क्रमांक आहेतच. ते जॉब कार्डाच्या छायाचित्रासह गाडीच्या कागदपत्रांत ठेवा आणि गाडी कधी विकलीत तर नव्या मालकाला द्या.